कोंबडीला पान्ह्याची सुई

जुलैचा पाऊस लागून राहिलेला, त्यामुळे त्या दिवशी दवाखान्यात जनावरं कमीच होती. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या या गुरांच्या दवाखान्याची पाटी कन्नडमध्ये, नोंदवही कन्नडमध्ये आणि येणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक मराठीत. साडेदहाच्या सुमाराला एक आज्जी इरल्याखाली बुट्टी धरून आल्या. बुट्टीत तांबडी गावठी कोंबडी, अंग चिंब, आणि नाकपुड्यांतून आडवं घातलेलं पीस.

“कालपास्नं खुडूक बसलीया. पाण्यात बुडवून काढली, नाकात पीस घातलं, तरी उठंना. तुमीच बगा की आता.”

आज्जींचा अंदाज बिनबुडाचा नव्हता. दहा-बारा अंडी झाली की गावठी कोंबडी खुडूक बसतेच, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. पण खुडूक कोंबडी हात लावू देत नाही. पिसं फुलवते, टोच मारते. हिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. खाली ठेवली तर शेपूट पाडून, अंग उभं धरून थांबली आणि कुंथायला लागली. पोट चाचपलं तर बोटांना टणक गोल लागला. अंडं अडलं होतं.

पहिलं काम म्हणजे ते पीस काढलं. मग टेबलावरच्या दिव्याखाली गोणपाटावर तिला ऊब दिली आणि गुदद्वाराला पातळ पॅराफिन लावलं. म्हशींसाठी ठेवलेल्या कॅल्शियमच्या बाटलीतून जरासं काढून, पातळ करून टोचलं. अर्धा तास वाट बघितली. काही हललं नाही, तेव्हा कपाट उघडून ऑक्सिटोसिनची कुपी काढली.

आज्जी ताडकन उठल्या. “आगं, ही तर पान्ह्याची सुई! म्हशीला मारत्यात ती. कोंबडीला काय दूध काढायलीस व्हय?”

दवाखान्यातले सगळे हसले. मीही हसले, पण प्रश्न खरा होता. (पान्ह्यासाठी ही सुई सरसकट मारणं मला मान्य नाही, म्हणून कुपी कुलपात. ती मागायला येणाऱ्यांशी माझं भांडण ठरलेलं.)

ऑक्सिटोसिन हे हार्मोन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची माळ. पहिल्या सहा मण्यांचं कडं आणि उरलेल्या तिघांची शेपटी. विन्सेंट द्यू विन्यो यांनी ती प्रयोगशाळेत तयार केली आणि त्यांना 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कोंबडीच्या अंगात मात्र ही माळ नसते. तिच्याकडे असते व्हॅसोटोसिन. तीही नऊ मण्यांची, आणि फरक फक्त आठव्या मण्याचा. म्हशीच्या माळेत तिथं तेलकट स्वभावाचा ल्युसीन, कोंबडीच्या माळेत धनभार असलेला आर्जिनिन. गंमत म्हणजे द्यू विन्यो यांच्याच प्रयोगशाळेनं व्हॅसोटोसिन आधी कृत्रिमरीत्या बनवलं, 1958 मध्ये. पक्ष्यांच्या आणि बेडकांच्या अंगात ते मुळातच आहे, हे नंतर समजलं.

माळ रक्तातून सगळीकडे फिरते, पण जिथं तिचा ग्राही, म्हणजे तिला ओळखून धरणारा पेशीवरचा रेणू, असेल तिथंच काम होतं. म्हशीत तो कासेतल्या दूध पिळणाऱ्या पेशींवर असतो, कोंबडीत अंड्याला कवच चढवणाऱ्या पिशवीच्या स्नायूंवर. कोंबडीचा ग्राही ओळखतो आर्जिनिनवाली माळ. ल्युसीनवाली त्यात बसते, पण पकड ढिली. म्हणून ऑक्सिटोसिन कोंबडीवर चालतं, फक्त तिच्या स्वतःच्या हार्मोनइतकं जोरात नाही.

हे सगळं आज्जींना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “म्हशीची किल्ली कोंबडीच्या कुलपात जराशी अडकत फिरते, आज्जी.”

“फिरती न्हवं? मग मार.”

कॅल्शियम आधी का, तर माळ ग्राहीवर बसली की पेशीच्या आत कॅल्शियम सुटतं आणि त्यानं स्नायू आवळतो. किल्ली फिरली तरी आत कॅल्शियमच नसेल तर दार ढकलणार कोण? एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि ही कोंबडी तांदळाच्या कणीवर जगत होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हा क्रम पाळला नव्हता. अंडं आडवं आहे की सरळ हेही न चाचपता थेट सुई मारली. संध्याकाळी कोंबडी मेली, उघडून बघितलं तर अंडनलिका फाटलेली. तेव्हापासून ही कुपी हातात घेताना मला घाई होत नाही.

सुई दिल्यावर वीसेक मिनिटांनी कोंबडीनं दोन-तीनदा जोर केला. मी बोटाने वरून हलका आधार दिला. अंडं आलं खरबरीत, एका बाजूला पातळ, रक्ताचा एक ओरखडा असलेलं. कोंबडीनं पंख झाडले, आणि आज्जींनी पहिल्यांदा कपाळावरचा पाऊस पुसला.

“शिंपल्याचा चुरा, नाहीतर अंड्याची टरफलं भाजून कुटून घाला खायला,” मी सांगितलं. अंडं फेकून द्यायला सांगितलं, ते मात्र त्यांनी पदरात गुंडाळलं.

पंधरा दिवसांनी आज्जींच्या नातवाचा फोन आला. कोंबडी परत बसलीय, आणि या वेळी टोच मारतेय.

पलीकडून आज्जींचा आवाज आला, “इचार तिला, ह्येला कुठली सुई!”

याला सुई नव्हती. हा प्रोलॅक्टिनचा, म्हणजे कोंबडीला खुडूक बसवणाऱ्या हार्मोनचा कारभार. पोटाखाली अंडी लागत राहिली की मेंदूतून व्हीआयपी नावाचं पेप्टाइड सुटत राहतं, ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या आपल्या ग्राहीवर बसतं आणि प्रोलॅक्टिन वाढतं. अंड्यांवरून उठवून दुसरीकडे ठेवलं की ते उतरतं.

“सुई नको. अंडी काढून घ्या आणि हवेशीर खुराड्यात ठेवा,” मी म्हटलं. “नाहीतर सरळ पिल्लं काढू द्या की.”

फोनवर थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज.

“आणि पीस?”

“पीस नको, आज्जी.”