बेळगाव ते मलेशिया: सासूबाईंना घेऊन पहिली परदेशवारी

सासूबाईंच्या आधार कार्डावर आडनावच नव्हतं. त्यांचं नाव, पुढं मामंजींचं नाव, बस्स. मतदार ओळखपत्रावर आडनाव होतं आणि पोस्टाच्या जुन्या पासबुकात चक्क माहेरचं नाव. या तीन नावांपायी आमची सहल पाच आठवडे अडली. आधी आधार दुरुस्त केलं, मग पासपोर्टचा अर्ज भरला.

आपल्या भागात हे घरोघरी आहे. एक दाखला कन्नडमधला, एक मराठी शाळेतला, इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं. म्हणून देश कुठला ते ठरवायच्या आधी घरातल्या सगळ्यांची कागदपत्रं एका रात्री टेबलावर मांडा आणि नावं अक्षर न् अक्षर जुळवून बघा. जन्मगावाचं तेच. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं, त्यामुळं मोठीच्या दाखल्यावर ‘बेलगाम’ आणि धाकट्याच्या दाखल्यावर ‘बेळगावी’. ज्याच्या दाखल्यावर जे आहे तेच भरलं, काही अडलं नाही. पासपोर्टची फी मोठ्यांना १५०० रुपये, अठराच्या आतल्या मुलांना १०००. साठीपुढच्यांना दहा टक्के सूट, म्हणून सासूबाईंचे १३५०. पाच जणांचे ६३५० झाले. काम हेड पोस्टातल्या केंद्रातच झालं. पंधराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे लक्षात असू द्या.

मलेशिया निवडलं ते व्हिसासाठी. भारतीयांना तिथं ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत सध्या २०२६ च्या अखेरपर्यंत जाहीर आहे, तिकीट काढण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्या. पाच माणसांचा व्हिसाखर्च वाचणं ही लहान गोष्ट नाही. मात्र पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचं डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, मुलांचंही. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही असं समजा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवा.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालो, सकाळी बेंगळूर. विमान रात्रीचं होतं, दिवसभर नणंदेकडं थांबलो. गाडीला उशीर होईल हे धरूनच चला, सकाळी उतरून दुपारचं विमान गाठायच्या फंदात पडू नका. मॅजेस्टिकहून विमानतळाला वायुवज्र बस जाते, ती टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त. स्वस्त विमानकंपन्यांत हातातल्या सामानाला सहसा सात किलोचीच मर्यादा असते, म्हणून घरीच वजन केलं. दशम्या, शेंगाचटणी, मेतकूट आणि मांड्यांचा एक डबा घेतला. कुंदा मात्र ठेवून गेले, कारण दुधाच्या जिनसांवर तिथं निर्बंध आहेत.

क्वालालंपूरचा विमानतळ गावापासून पन्नासेक किलोमीटर. जलद ट्रेनचं मोठ्या माणसाचं तिकीट ५५ रिंगिट आहे, आणि आम्हाला एक रिंगिट एकवीस रुपयांना पडला होता. पाच जणांना ग्रॅबची (तिथली ओला-उबरसारखी सेवा) सहा आसनी गाडी सरळ परवडली. ती दारापर्यंत आली, सासूबाईंना जिने चढावे लागले नाहीत. तिथलं प्लग चौकोनी तीन दांड्यांचं असतं, आपला चार्जर बसत नाही. अडॅप्टर बेळगावातूनच न्या.

दुसऱ्या दिवशी बाटू केव्हज. क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल स्थानकाहून लोकल ट्रेन थेट पायथ्याशी जाते आणि वरच्या मोठ्या गुहेतल्या देवळाला तिकीट नाही. बाहेर मुरुगनची ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती, तिच्या बाजूनं २७२ रंगीत पायऱ्या. सासूबाई मूर्तीसमोर थबकल्या. मुरुगन म्हणजे कार्तिकस्वामी आणि आपल्याकडं बायका एरवी त्याचं दर्शन घेत नाहीत, कार्तिकी पौर्णिमेलाच काय ते. “मी खालीच बसते गं,” म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही.

तिथं एक तमीळ बाई मोगऱ्याचे गजरे विकत होती. ती हात पुढं करून “पू, पू” म्हणाली, म्हणजे तमीळमध्ये फूल. सासूबाईंनी लगेच “हूवु?” असं कन्नडमध्ये विचारलं, अर्थ तोच. आयुष्यभर बेळगावातल्या शहापूरच्या बाजारात कन्नड बोलून भाजी घेतलेली बाई ती! दोघी हसल्या. गजरेवालीनं गजरा त्यांच्या अंबाड्यावर स्वतः खोवला आणि पायऱ्या चढणाऱ्या लेकुरवाळ्या बायकांकडं बोट दाखवलं. सासूबाईंनी क्षणभर बघितलं, पदर खोचला. “त्यांचा देव, त्यांची रीत. इथं आपण पाहुणे,” म्हणाल्या आणि चढू लागल्या. सौंदत्तीच्या डोंगरावर करतात तसं दर वीसेक पायऱ्यांना टेकत, माझा हात धरून, पाऊण तासात वर पोचल्या. सकाळी आठच्या आत जा, नंतर ऊन सोसत नाही. हातात खाऊची पिशवी नको, माकडं ओढतात. गुडघे झाकणारे कपडे घाला.

एक दिवस मलाक्काला दिला. क्वालालंपूरच्या टीबीएस बस स्थानकावरून दोन तास. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कनं पुढच्याच वर्षी मलाक्का घेतलं. त्याच्या किल्ल्याचा एक दरवाजा अजून उभा आहे. गोव्यातले पोर्तुगीज किल्ले पाहिलेल्या मुलांना तो परका वाटला नाही. तिथल्या सोनारगल्लीत अठराव्या शतकातलं गणपतीचं देऊळ आहे, जवळच मशीद आणि चिनी मंदिर. देशातली दोन शहरं पुरे, तिसरं घातलं की पैसा आणि दिवस प्रवासातच जातात.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा, ‘बलाचान’. ही आंबवलेल्या बारीक कोळंबीची चटणी आहे आणि ती साध्या पालेभाजीतही घालतात. आम्ही क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्स या भारतीय वस्तीत केळीच्या पानावर भात आणि सकाळी रोटी चनाई (पराठ्यासारखी रोटी) डाळीबरोबर खाल्ली. घर स्वयंपाकघरासह घेतलं होतं, रात्री तिथंच मऊ भात आणि मेतकूट. परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीला रात्रीचे १० रिंगिट पर्यटन कर घेतात, तो सहसा भाड्यात धरलेला नसतो.

विमानाचे साडेसत्त्याण्णव हजार आणि सहा रात्रींच्या घराचे तेहतीस हजार धरून, पासपोर्टसकट सगळा खर्च एक लाख नव्वद हजारांच्या आत बसला. एका ठिकाणी पॅकेजचे दोन लाख ऐंशी हजार सांगितले होते, त्यावर टीसीएस (पॅकेज विकतानाच वसूल होणारा आयकर) वेगळा. पॅकेज घेतलंच तर त्या टीसीएसची पावती जपा, आयकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. कार्ड वापरताना यंत्र ‘रुपये की रिंगिट’ विचारतं, तेव्हा रिंगिटच निवडा. रुपये निवडले तर दर वाईट लागतो. आम्ही पहिल्या दिवशी तीच चूक केली. आणि सुटी नाणी विमानतळावरच संपवा, इकडं ती कुणी बदलून देत नाही.