फनोम रुंगला जायचंय? गाडी नांग रोंगलाच बोलवा

बँकॉकहून नांग रोंगला पोचणं सोपं आहे. मोचित बसस्थानकावरून ईशान्येकडच्या, म्हणजे ईसान भागातल्या गाड्या सुटतात. पाच-सहा तास लागतात. अडतं ते त्यानंतरच्या पंचवीसेक किलोमीटरला, आणि मला लिहायचंय ते त्याबद्दलच.

फनोम रुंग हे बुरीराम प्रांतातलं ख्मेर राजवटीतलं शिवमंदिर. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर, कैलास म्हणून बांधलेलं. बुरीराम हे प्रांताचं नाव आहे आणि प्रांताच्या मुख्य शहराचंही. मंदिर मात्र या शहरापासून खूप दक्षिणेला आहे. त्याला जवळचं गाव नांग रोंग, आणि तेही शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

नांग रोंगहून प्राखोन चाईकडे सोंगथेव जातात, म्हणजे मागे दोन बाकं टाकलेल्या पिकअप. त्या बान ताको फाट्यावर उतरवतात आणि पुढचे दहाबारा किलोमीटर मोटरसायकल टॅक्सीने जावं लागतं. एकटी असते तर मी तशीच गेले असते. पण सोबत आई होती, आणि तिचे गुडघे बघता मोटरसायकलवर बसणं शक्यच नव्हतं. म्हणून बँकॉकमधल्या एका एजंटकडून चालकासह गाडी ठरवली, पैसे आधी भरले. ‘सकाळी नांग रोंग बसस्थानक’ असं लिहून पाठवलं आणि ‘हो’ असं उत्तरही लेखी घेतलं.

सकाळी स्थानकावर कोणीच नाही. फोन केला, तर ‘चालक पोचलाय, तुम्हीच दिसत नाही.’ पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. मी स्थानकाचा फोटो पाठवला. मग कळलं की चालक बुरीराम शहरातल्या रेल्वे स्टेशनबाहेर उभा होता. एजंटने त्याला फक्त ‘बुरीराम’ एवढंच कळवलं होतं. माझा लेखी निरोप पुढे गेलाच नव्हता.

बरं, चूक झाली, पण सुधारता येण्यासारखी होती. चालकाने तासाभरात यायचं, बस. पण एजंट म्हणाला, जादा अंतराचे जादा पैसे पडतील. मी नाही म्हटलं. मग ‘विचारून सांगतो.’ मग ‘निघालाय.’ मग फोन उचलणंच बंद. ऊन चढत होतं. शेजारच्या दुकानातल्या बाईंनी न सांगता आईला खुर्ची दिली आणि पंखा आमच्याकडे वळवला. आई म्हणत होती, ‘अगं, राहू दे, नशिबात नसेल.’ आणि तेच मला ऐकवत नव्हतं. हजारो किलोमीटर येऊन, डोंगर इतका जवळ असताना, एकाने एक ओळ पुढे कळवली नाही म्हणून परत फिरायचं? परतीची बस दुसऱ्या दिवशी सकाळची होती, त्यामुळे ‘उद्या जाऊ’ हाही पर्याय नव्हता. एजंटने पैसे आजतागायत परत केलेले नाहीत.

शेवटी मी त्या दुकानदार बाईंनाच फोनमधल्या भाषांतरातून विचारलं. त्यांनी नात्यातल्या एका मुलाला फोन लावला. तो पिकअप घेऊन आला. फनोम रुंग आणि डोंगराखालचं मुआंग तम अशी दोन्ही मंदिरं, थांबणं, परत सोडणं, सगळं मिळून रक्कम कागदावर लिहून घेतली, आणि ती एजंटच्या निम्म्याहून कमी होती. म्हणून सांगते, आगाऊ पैसे भरूच नका. नांग रोंगला मुक्काम करा आणि राहत्या ठिकाणी आदल्या रात्री विचारा.

वर पोचल्यावर मात्र आई गुडघे विसरली. कमळकळ्यांच्या आकाराचे खांब दोन्हीकडे असलेली लांब फरसबंद वाट, पाच फण्यांच्या नागांचे पूल, मग पायऱ्या. (पायऱ्या जमत नसतील तर वर मंदिराजवळ दुसरं प्रवेशद्वार आहे, चालकाला तिकडे न्यायला सांगा.) मुख्य मंदिर बाराव्या शतकातलं. ते उभारणारा नरेंद्रादित्य हा अंगकोर वाट बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्माचा नातलग. लढाया जिंकून तो पुढे इथेच तपस्वी होऊन राहिला. हे कळतं ते त्याचा मुलगा हिरण्य याने कोरवलेल्या संस्कृत शिलालेखातून. आत नंदी आहे, पूर्वेच्या दारावर नटराज आहे, आणि नटराजाच्या खाली, दाराच्या तुळईवर, शेषशायी विष्णू.

ही तुळई 1960 च्या दशकात चोरीला गेली आणि नंतर शिकागोच्या कलासंग्रहालयात सापडली. थाई लोकांनी ती परत मिळावी म्हणून आवाज उठवला, अमेरिकेतल्या थाई लोकांनीही. 1988 मध्ये ती परत आली आणि आपल्या जागी बसली. भानुदासांनी विजयनगरहून विठ्ठल परत आणल्याची कथा ऐकत मोठी झालेली मी तिच्याखाली उभी होते, डोळे भरून आले. आईने तिथेच हात जोडले. शेजारी एक थाई आजी तिच्या नातवाला बोटाने तीच तुळई दाखवत होती.

डोंगराखालचं मुआंग तम चुकवू नका. विटांचे मनोरे, चार कोपऱ्यांत काटकोनात वळलेली चार तळी, आणि एका तुळईवर गोवर्धन उचललेला कृष्ण. तिथे गर्दी नसते, सावलीत बसता येतं. दोन्ही ठिकाणं संध्याकाळी सहाला बंद होतात, म्हणून आमच्यासारखा उशीर झाला तर फनोम रुंग आधी करा. खालच्या प्रवेशाजवळचं माहिती केंद्र मात्र उशीर झाला तरी गाळू नका. तुळईची गोष्ट तिथे वाचून वर गेलं की दगड वेगळेच दिसतात.

पंधरा दारांतून आरपार सूर्योदय दिसतो तो एप्रिलच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत जाणार असाल तर खोली खूप आधी ठरवा.

शाकाहारी असाल तर ‘जे’ म्हणा. नांग रोंगची ख्याती डुकराच्या मांसाची आहे. आईचं भात, केळी आणि उकडलेला मका यावर भागलं.

थायलंडचा आगमनाचा डिजिटल अर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि तो मोफत आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नाही, लगेच बाहेर पडा.

आणि परतताना बँकॉकचं राष्ट्रीय संग्रहालय ठेवा. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने परत केलेली ‘गोल्डन बॉय’ ही मूर्ती तिथे आणली गेली, आणि ती याच बुरीराम प्रांतातून गेली असं मानतात. सोमवारी-मंगळवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं बघून परतीचं तिकीट काढा.