टाचण्यांचा समस्थानिक-तक्ता: शिशापर्यंत मजल

निसर्गातले समस्थानिक, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेले एकाच मूलद्रव्याचे अणू, मी घरी बोर्डावर टाचण्यांनी मांडतोय. काळ्या टाचण्या शिसे-२०८ पर्यंत लागल्या (२०८ म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून). बोर्ड चार बाय तीन फुटी साधा सॉफ्टबोर्ड, चौकोन ९ मिलिमीटरचे, आडवे न्यूट्रॉन आणि उभे प्रोटॉन. शिशाचे १२६ न्यूट्रॉन त्यात जेमतेम मावतात. एक सेंटिमीटरचा हट्ट धरला असता तर शिसं भिंतीवर टोचावं लागलं असतं. टाचण्या पुण्यातल्या बोहरी आळीतल्या, रंगीत डोक्यांच्या. स्थिर अणूला काळी, किरणोत्सारी (आपोआप फुटत जाणाऱ्या) पण निसर्गात टिकून राहिलेल्याला लाल.

एक आडवी ओळ म्हणजे एक मूलद्रव्य. प्रोटॉन ५० असले की ते कथीलच, मग न्यूट्रॉन ६२ असोत की ७४. त्या ओळीत दहा काळ्या टाचण्या आहेत, सगळ्या बोर्डावर सर्वांत जास्त. ४३ व्या ओळीत, टेक्निशिअमच्या, एकही नाही. विषम प्रोटॉनसंख्येच्या ओळी एकूणच कंजूष: दोनापलीकडे स्थिर समस्थानिक देत नाहीत. कॅल्शिअम-४० पर्यंत रांग साधारण ४५ अंशांत चढते, पुढे उजवीकडे कलते. प्रोटॉन वाढले की त्यांचं एकमेकांना ढकलणंही वाढतं, ते सावरायला जास्तीचे न्यूट्रॉन लागतात.

मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते वस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) ४० पाशी. अरगॉन-४०, पोटॅशिअम-४०, कॅल्शिअम-४०: तिघं एका तिरक्या रेषेत, मधली टाचणी लाल. पोटॅशिअम-४० मध्ये १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन, दोन्ही विषम. दहापैकी साधारण नऊ अणूंत न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन कॅल्शिअम बनतं. उरलेल्या एकात प्रोटॉनचा न्यूट्रॉन होऊन अरगॉन. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. हवेतला ९९.६ टक्के अरगॉन हा अरगॉन-४०च आहे, आणि तो मुख्यतः असाच खडकांतल्या पोटॅशिअमपासून आलेला. म्हणून अरगॉनचं अणुवस्तुमान ३९.९५ आणि त्याच्या पुढच्या पोटॅशिअमचं ३९.१०. वजनावर मांडणी केली असती तर आवर्तसारणीत दोघांची अदलाबदल झाली असती! ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोसलेने १९१३-१४ मध्ये क्ष-किरणांवरून अणुक्रमांकाला, म्हणजे प्रोटॉनच्या संख्येला, भक्कम आधार दिला, तेव्हा हा वजनाचा घोळ मिटला.

सिंहगड चढताना पायाखाली असतो तो बेसॉल्टही याच घड्याळावर मोजतात. खडक थिजल्यावर आत अडकलेला अरगॉन मोजून दख्खनच्या लाव्ह्याचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं निघतं. बोर्डावर एका टाचणीवरून शेजारच्या टाचणीवर जाणं, एवढंच त्यामागचं यंत्र. अरगॉन, पोटॅशिअम, कॅल्शिअम या तिघांना मी पिवळ्या दोऱ्याने जोडलंय.

बिस्मथ-२०९ ला काळी की लाल, यावर घरात वाद झाला. जुन्या तक्त्यांत तो स्थिर असतो, पण २००३ मध्ये त्याचा अल्फा-क्षय (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉनचा तुकडा बाहेर पडणं) पकडला गेला. अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त. मी लाल लावली. आता थोरिअम-२३२ आणि युरेनिअम-२३८, न्यूट्रॉन १४२ आणि १४६. उजवीकडे आणखी फूटभर पट्टी जोडावी लागणार, आणि तिथे नेमकं कपाट आहे.