दीड तावाचं भूत

सहा पेन्सला ३६ पानं, शिलिंगला ७२. १८००च्या आसपास लंडनमध्ये पडक्या मठांच्या आणि भुताखेतांच्या अशा चोपड्या धडाधड निघत होत्या. त्यांचं कव्हर स्वस्तातल्या निळ्या कागदाचं, म्हणून नावही साधंच पडलं, ‘ब्लू बुक’.

३६ हा आकडा गोष्टीच्या सोयीने आलेला नाही, कागदाच्या हिशेबातून आलाय. तावाच्या घड्या घालून १२ पत्रं, म्हणजे पाठपोट छापलेले तुकडे, केली की २४ पानं होतात. ३६ पानं म्हणजे दीड ताव. वरचा अर्धा ताव वाया जाऊ द्यायचा नसेल तर १२ पानांचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, एकाच चौकटीत आवळायचे, तावाची एक बाजू छापायची, ताव उलटून त्याच चौकटीने दुसरी बाजू छापायची आणि मधोमध कापायचा. दोन प्रतींची सोय झाली. ताव भलत्याच बाजूने उलटला तर मात्र पानांचा मेळ बसत नाही आणि खुनाआधीच खुन्याला पश्चात्ताप होतो.

आता या दीड तावात कोंबायचं काय, तर अख्खी कादंबरी. अ‍ॅन रॅडक्लिफ यांची ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ १७९४ साली चार खंडांत आली, किंमत २५ शिलिंग. तेवढ्या पैशांत सहा पेन्सवाली ५० भुतं घरी येतात! अशा ऐसपैस गोष्टीला कात्री लावताना आधी डोंगरदऱ्या जातात, मग चांदणं, मग नायिकेच्या कविता. पानभर संवादाच्या जागी ‘तिने सगळी हकिगत सांगितली’ एवढं वाक्य पुरतं. मागे राहतात भुयार, विझू घातलेला दिवा, दुष्ट काका आणि मरताना दिलेली कबुली.

यात भुताचा स्वभावच बदलतो, ही खरी गंमत. ‘उडोल्फो’त नायिका काळा पडदा दूर सारते आणि बेशुद्ध पडते. पडद्यामागे नुसता मेणाचा पुतळा होता, हे वाचकाला कळतं थेट चौथ्या खंडात. दीड तावाला एवढा धीर कुठून परवडणार? खुलाशाला पानं लागतात. त्यामुळे इथलं भूत बरेचदा खरोखरचं भूत असतं. येतं, खुनी कोण ते सांगतं, जातं. स्वस्त पडतं.

एवढी काटकसर करूनही शेवटी जागा कमी पडतेच. तिसाव्या पानापर्यंत रमतगमत आलेला लेखक एकदम घड्याळ पाहिल्यासारखा दचकतो. मग एका परिच्छेदात दोघे मरतात, एकजण मठात जातो, हरवलेला वारस सापडतो आणि लग्नही लागतं.

पहिल्या पानासमोरच्या चित्राचा खर्च वेगळाच. ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं. शाई रेघांच्या खाचांत भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद रुळाखालून दाबून काढायचा. म्हणजे खिळ्यांच्या यंत्रावर ते निघत नाही, वेगळं छापून आत घालावं लागतं. तांबं मऊ, त्यामुळे छापता छापता रेघा झिजतात आणि उशिराच्या प्रतींतली भुतं आपोआपच फिकी पडतात. ती उलट जास्त भुतासारखी दिसतात, असं माझं मत.

प्रकाशकांत लंडनच्या चीपसाइड रस्त्यावरचे टॉमस टेग होते, अ‍ॅन लेमॉइन ही बाईही होती. लिहिणाऱ्यांत सेरा विल्किन्सन यांचा हात फार चालता. एवढं लिहूनही पुढे त्यांना गरजू लेखकांच्या मदतनिधीकडे पुन्हापुन्हा अर्ज करावे लागले. वाचणारे मात्र मिळत होते. पुढे कवी म्हणून गाजलेल्या शेलीला शाळकरी वयात या चोपड्यांचं वेड होतं.

आणि वाचणारे चोपडी फाटेपर्यंत वाचत. टिकल्या त्या मुख्यतः हौशी वाचकांनी सात-आठ एकत्र करून बांधून घेतलेल्या. बांधताना बाइंडर आधी कव्हरं काढून टाकायचा. त्यामुळे आज संग्रहांत सापडणाऱ्या बऱ्याचशा ब्लू बुकांवर निळं असं काही उरलेलंच नाही.