दोन्ही टोकांकडून

जुलैच्या पावसात बेळगावात वीज कधी जाईल, नेम नसतो. त्या दिवशीही गेली. यूपीएस कुंईकुंई करत होता आणि खानापूरहून बसनं येणारी आमची एमएस्सीची विद्यार्थिनी पडद्याकडं बघत बसली होती.

"सर, तुम्ही म्हटल्यासारखं लॉग घेतला, खरं उत्तर जुळंना झालंय."

(आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.)

विग्नरचे थ्री-जे गुणांक, म्हणजे क्वांटम भौतिकीत तीन कोनीय संवेग जोडताना लागणारे आकडे, ती राकाच्या 1942 च्या सूत्रानं काढत होती. (जे म्हणजे संवेग केवढा, एम म्हणजे त्याचा एका अक्षावरचा भाग.) 170 च्या पुढचं फॅक्टोरियल डबलमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्येत, मावत नाही, म्हणून लॉग घे, असं मीच सांगितलं होतं. तिन्ही जे 100, तिन्ही एम 0, आणि उत्तर एकाहून मोठं! तसं होणं शक्यच नाही.

फळ्यावर मांडलं. सामाईक भाग बाहेर काढला की उरते 100 च्या द्विपद गुणांकांच्या घनांची बेरीज, एक अधिक, एक उणे. सर्वांत मोठं पद 88 अंकी, काटाकाट होऊन उरणारी बेरीज 70 अंकी. अठरा अंक गेले, डबलकडं असतात जेमतेम सोळा. लॉग तिथं काय करणार? सल्लाच चुकला होता.

मग शुल्टेन आणि गॉर्डन यांची 1975 ची पद्धत घेतली. लागोपाठच्या तीन जे-किमतींचे गुणांक एकमेकांशी बांधणारं आवर्तनसूत्र. एका धावेत तिसऱ्या जेच्या सगळ्या किमतींचे गुणांक हाती येतात. जे 100 आणि 100, एम 90 आणि उणे 30 घेतले, म्हणजे तिसरा जे 60 ते 200, एकूण 141 किमती. तिनं 60 पासून सरळ वर चालवलं. दीडशेपर्यंत ठीक. पुढं गुणांक विरत जाऊन 200 ला दशांशचिन्हामागं वीसेक शून्यं यायला हवीत, तर ते उलट फुगू लागले. पूर्णांकनाच्या चुकीतून शिरलेलं, त्याच आवर्तनसूत्राचं दुसरं, वाढणारं उत्तर खऱ्याला गिळत होतं.

"वरनंबी खाली येऊया की मग," ती म्हणाली.

तेच तर करायचं होतं. दोन्ही टोकांकडून आत यायचं, कारण त्या दिशेनं खरं उत्तरच वाढतं. मध्ये एकाच गुणांकावर जुळवलं तर तो नेमका शून्याजवळ असायचा, म्हणून शेजारचे तीन घेतले. शेवटी प्रत्येक गुणांकाच्या वर्गाला (2जे+1) नं गुणून बेरीज 1 होईल असं माप लावलं. चिन्ह वरच्या टोकावरून ठरतं. इथं उणे एकाचा घात 60, म्हणून अधिक.

राकाच्या सूत्रात डबलऐवजी अचूक पूर्णांक वापरून दोन-चार किमती ताडून पाहिल्या. जुळल्या. तिनं फाईल पेनड्राईव्हवर घेतली न घेतली, तोच यूपीएस बसला.