चोर्ल्याच्या घाटातला जळका वास

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधीचा रविवार. चवथीचे कपडे घ्यायला आमच्या घरचे बेळगावलाच जाणार, हा नियम मोडायची माझी टाप नाही. परतताना गोव्याकडे चोर्ला घाट उतरत होतो, पुढे भरलेला टेंपो. जळका वास आला तेव्हा मी बेफिकीर होतो. घाटात पुढच्या गाडीच्या ब्रेकचा वास यायचाच. काचा वर केल्या, एसीची बाहेरची हवा बंद केली.

केरीला टेंपो वळून गेला. वास आमच्याबरोबरच राहिला.

"कोणीतरी पातेलं करपवलंय," मागून आई म्हणाली. सपाट रस्ता, पुढे गाडी नाही, आणि वास वाढत चाललेला. रस्त्याच्या बाजूला थांबून बॉनेट उघडलं, टॉर्च मारला. धूर नाही, तेल सांडलेलं नाही, टेंपरेचरचा काटा जागेवर. बॉनेट लावलं आणि तसेच डिचोलीला घरी आलो. तिथेच चाकांपाशी वाकलो असतो तर पुढचे नऊ हजार वाचले असते.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका गॅरेजमध्ये गाडी नेली. घाट आणि जळका वास एवढं ऐकलं आणि निदान झालंसुद्धा: क्लच प्लेट गेली. कोणी गाडी चालवून बघितली नाही. मलाही ते पटलं, कारण घाटात हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी धरायची माझी खोड आहे आणि बायको त्यावरून बोलतच असते. प्लेट बदलली, जुनी प्लेट पिशवीत घालून डिकीत ठेवून दिली त्यांनी. आठ दिवस बरे गेले, म्हणजे गाडी फक्त बाजारापर्यंत जात होती. नवव्या दिवशी पणजीला गेलो आणि पार्किंगमध्ये उतरताच तोच वास.

मग साखळीच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी विचारलं, "वास कसलो येता?"

मी म्हटलं, जळका.

"जळका म्हणजे काय? कागदासारखा, तेलासारखा, रबरासारखा?"

मला सांगताच येईना. त्यांनी मग एकेक करून विचारलं. चढावाला रेस वाढते पण गाडी पुढे जात नाही, असं झालं होतं का? नाही. मग क्लच घसरतच नव्हता. गोडसर वास, काचेवर चिकट वाफ? नाही, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कुलंट गळत नाही. गाडी सिग्नलला उभी असताना बॉनेटमधून निळसर धूर? तोही नाही. इंजिनवरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळलं की तेल एक्झॉस्टवर पडतं आणि असा धूर निघतो, म्हणे. "आणि प्लॅस्टिक जळल्यासारखा आला तर माझ्याकडे यायचं नाही. आधी गाडी बंद करून सगळ्यांनी उतरायचं."

शेवटचा प्रश्न असा की मी लाजलोच. गाडी एका बाजूला ओढते का? ओढत होती, डावीकडे, पावसाळ्यापासून. मी खड्ड्यांना शिव्या घालत होतो. पेट्रोलही जास्त लागत होतं, ते एसीच्या नावावर टाकलं होतं.

त्यांनी पाचेक किलोमीटर गाडी फिरवली, शेवटी ब्रेक न दाबता ती आपोआप थांबू दिली, आणि उतरून चारही चाकांजवळ हात धरला. रिमला लावला नाही, नुसता जवळ. पुढच्या डाव्या चाकापाशी हात पटकन मागे घेतला. बोट पाण्यात बुडवून रिमवर थेंब उडवला, तो तव्यावरच्या घावन्याच्या पिठासारखा चुर्र करून उडाला. मी बाटलीच पुढे केली तर ओरडले: ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकते किंवा तडकते.

गाडी निवल्यावर जॅक लावला. उजवं चाक हाताने ढकललं की गरगरत राही. डावं अर्धा फेरा फिरून घासत थांबलं. चाक काढलं, डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर उघडला. ज्या दोन पिनांवर तो मागेपुढे सरकतो त्यातली खालची गंजून घट्ट बसली होती, तिचं रबरी टोपण फाटलेलं. जून-जुलैत गाडी दीड महिना अंगणात पावसात उभी होती, त्यात ओल आत गेली. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहत होते. आतला पॅड पत्र्यापर्यंत आलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक, डिस्कवर निळसर छटा.

पिना, टोपणं, दोन्ही बाजूंचे पॅड, डिस्क घासून घेणं. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं, तेही बदललं. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलं की ही मर्यादा 140 पर्यंत खाली येते, आणि उकळलं की पेडल पोकळ जातं, ब्रेक लागत नाही. घाटात ते झालं असतं तर, हा विचार मी मुद्दाम पुढे नेला नाही. सगळे मिळून तीन हजारांच्या आत.

डिकीतली जुनी क्लच प्लेट दाखवली. काकांनी अंगठा फिरवला, रिव्हेटी अजून खोल होत्या. "अजून दोन वर्षं चालली असती," म्हणाले आणि परत दिली. ती अजून तिथेच आहे, टाकायला जीव होत नाही.

दिवाळीच्या आधी पुन्हा बेळगाव. उतरताना या वेळी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, ब्रेकवर पाय कमी. तरी केरीच्या अलीकडे वास आलाच. थांबलो, चारही चाकांजवळ हात धरला. चारही सारखीच कोमट. आई काच खाली करून म्हणाली, "अरे, पुढे बघ की, ट्रक आहे."