कूलरवाल्याच्या पोराची बोट

बोट बनवतोय असं घरी सांगितलं, तेव्हा फोनवर क्षणभर कोणीच बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "काऊन बे, तिकडं विकत नाही भेटत का?"

मागून आईचा आवाज आला, "तुला पोहता येते का, ते सांग आधी."

विकत भेटते. ऑकलंडच्या आमच्या गल्लीतच सात घरांसमोर ट्रेलरवर बोटी उभ्या आहेत, आपल्याकडे ॲक्टिव्हा उभ्या असतात तशा. ॲल्युमिनियमच्या छोट्या बोटीला इथले लोक लाडानं 'टिनी' म्हणतात. शेजारच्या आजोबांची टिनी त्यांनी स्वतःच बांधलेली आहे, आणि तिच्यात बसून दोनदा स्नॅपर मासा पकडून आल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. जुगाडाला न्यूझीलंडमध्ये 'नंबर आठची तार' म्हणतात. शेताच्या कुंपणाची ती तार घ्यायची आणि जगातलं काहीही दुरुस्त करायचं, असा इथल्या माणसांचा स्वतःविषयी समज आहे. आजोबा म्हणाले, तुझे वडील पत्र्याचं काम करायचे ना, मग अडलंय कुठे?

आमचं घर कूलरचं. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी लागला की इतवारीतल्या लोहाओळीतून पत्रा यायचा आणि मे संपेपर्यंत घरात हातोडीशिवाय दुसरा आवाज नसायचा. बाबा अँगलची फ्रेम वेल्डिंग करायचे, काका जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा कापायचे. टाकीला आतून डांबर मारून झालं की बूच लावून, पाणी भरून, रात्रभर ठेवून पाहायचं काम माझं. सकाळी फरशी ओली दिसली की एम-सीलचा गोळा मळायचा. पत्रा मला नवा नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

तर इथे किट मिळतं. बोटीचा प्रत्येक तुकडा कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं कापलेला असतो, त्यावर नंबर कोरलेला असतो, एका तुकड्याला जीभ आणि दुसऱ्याला खाच. माझी बोट 4.8 मीटरची, तळाला 4 मिलिमीटर आणि बाजूंना 3 मिलिमीटर पत्रा. धातू म्हणजे 5083 नावाचं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम घातलेलं आणि खाऱ्या पाण्याला दाद न देणारं. भांड्यांचं ॲल्युमिनियम वेगळं, हे वेगळं. अमरावती रोडवर वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्राची पाटी मी शेकडो वेळा पाहिली असेल. आत कशावर संशोधन करतात असा प्रश्न पडायला मला जवळपास बारा हजार किलोमीटर लांब यावं लागलं.

ट्रकवाल्यानं पॅलेट गॅरेजसमोर उतरवलं तेव्हा ते माझ्या गुडघ्याएवढंही उंच नव्हतं. पुढचे दोन शनिवार-रविवार मात्र निव्वळ मजा. लाकडी घोड्यांवर बोटीच्या बरगड्या उलट्या उभ्या केल्या, त्यांच्या खाचांमध्ये लांब पट्ट्या बसवल्या, आणि गुण्या न लावता, टेप जवळजवळ न उघडता सांगाडा तयार! मी बाबांना फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'अर्धी झाली.'

बाबांनी उत्तर दिलं, 'टाके कुठी आहेत?'

टाके म्हणजे वेल्डिंगचे. आणि तिथेच सगळं घोडं अडलं.

लोखंड तापलं की लाल होतं. बाबांनी मला एवढंच शिकवलं होतं आणि ते पुरत होतं. रंग पाहायचा, हात हलवायचा. ॲल्युमिनियम रंगच बदलत नाही. पांढरं असतं, पांढरंच राहतं, आणि मग एकाएकी मधला भाग खाली गळून पडतो आणि भोक तुमच्याकडे पाहत राहतं. वर आणखी भानगड अशी की त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. आतला धातू 660 अंशांच्या आतच वितळतो, पण हा थर 2000 अंशांच्या वर. म्हणजे आत वरण झालंय आणि वर पापड तसाच. म्हणून आधी ॲसिटोननं पुसायचं, मग स्टेनलेस ब्रशनं घासायचं, आणि तो ब्रश पुन्हा कधी लोखंडाला लावायचा नाही. आमच्या दुकानात एकच ब्रश होता. तो कूलरपासून बाथरूमच्या फरशीपर्यंत सगळीकडे चालायचा.

मशीनही वेगळं. रॉड आणि होल्डर नाही, तारेचं मशीन, आणि सोबत शुद्ध आर्गॉन गॅसचा सिलिंडर. तार इतकी मऊ की लांब नळीतून ढकलली तर आतच तिचा गुंता होतो. म्हणून छोटं रीळ वेल्डिंगच्या बंदुकीवरच बसवतात.

हे सगळं वाचून मी तयार होतो. आणि तरी पहिल्या बाजूच्या पत्र्याला मी कूलरसारखी एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्ड मारली. संध्याकाळी पत्रा गार झाला तेव्हा त्याला अशा लाटा आल्या होत्या की समुद्रात न्यायची गरजच उरली नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं आणि गार होताना तेवढंच आखडतं. तो पत्रा मी तीन रविवार खर्चून कापून काढला. कापायला साधी सुताराची गोल करवत चालते, एवढाच त्यातला आनंद. ग्राइंडरचा दगड मात्र चिकटून बुजतो.

जानेवारीत नागपूरला आलो, तेव्हा बॅगेत चिवड्याचा रिकामा डबा आणि त्यात बोटीच्या पत्र्याचे उरलेले तुकडे होते. बाबांनी मला स्कूटरवर बसवून हिंगण्याच्या एमआयडीसीत त्यांच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे. माझा वेल्ड केलेला नमुना त्यांनी हातात घेतला, उलटा केला, अंगठा फिरवला आणि परत दिला. काही बोलले नाहीत. चहा आला, तो झाला, मग म्हणाले, "लोखंड सांगते भाऊ. हे सांगत नाही. इथं आपल्यालेच मोजा लागते."

चार दुपारी मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी मला बघायला कमी आणि ऐकायला जास्त लावलं. भजी तेलात नीट तळली जाताना जो आवाज येतो तो बरोबर. तडतड उडायला लागली की काहीतरी बिनसलंय. बंदूक ओढायची नाही, पुढे ढकलत न्यायची. सुरुवातीला पत्रा गार असतो, तिथे थोडं रेंगाळायचं. पुढे तोच तापत जातो, तिथे पळायचं. आणि शेवटी एकदम हात उचलायचा नाही, क्षणभर थांबून खड्डा भरायचा, नाहीतर तडा त्या खड्ड्यातूनच सुरू होतो. बाबा स्टुलावर बसून हे सगळं ऐकत होते. घरी येताना म्हणाले, "चाळीस वर्षं मी ओढूनच मारून राहिलो ना."

त्याच मुक्कामात पुराचा विषय निघाला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली, मोर भवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. "नागपुरात बोटीचं काय काम, म्हणत होतो मी," बाबा म्हणाले. एवढंच. पण त्यानंतर बोटीबद्दल त्यांनी मला टोमणा मारला नाही.

परत आल्यावर नव्यानं सुरुवात केली. आधी सगळीकडे फक्त टाके. मग हाताच्या बोटाएवढी वेल्ड डावीकडे, तेवढीच उजवीकडे, मग पुढे, मग मागे, आणि मध्ये हात लावून पाहायचं. भाजलं की थांबायचं. ऑकलंडच्या दमट हवेनं मात्र छळलं. सकाळी पत्र्यावर दव धरतं, आणि त्या ओलाव्यानं वेल्डमध्ये मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक भोकं पडतात. नागपूरच्या मे महिन्यात हे काम किती सोपं झालं असतं! (वेल्डर जगला असता की नाही तो प्रश्न वेगळा.)

बोट सुलटी करायच्या दिवशी इथल्या चार मराठी घरांतले आठ जण आले. 'मोरया' म्हणून उचलली, गॅरेजबाहेर नेली, वळवली, आणि कोणाचा पाय सापडला नाही. शेजारच्या आजोबांना वाटलं आम्ही प्रार्थना करतोय. म्हटलं, तसंच समजा.

बोटीच्या आतल्या जमिनीखाली हवाबंद कप्पे असतात. तळ फुटला तरी बोट तरंगावी म्हणून. ते खरंच हवाबंद आहेत का हे पाहायला सायकलच्या पंपानं थोडी हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. पंक्चरवाल्याची टोपली, फक्त उलटी. कॉम्प्रेसर लावू नका. एक पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला एक पौंड दाब, ऐकायला चिल्लर वाटतो, पण एक चौरस मीटर पत्र्यावर तो 700 किलोंचा रेटा होतो. तळाच्या वेल्डसाठी बाबांनी त्यांची युक्ती सांगितली: "एका बाजूनं चुना लाव, मागून रॉकेल मार. डाग आला तिथं गळते." इथे रॉकेल बाटलीत मिळतं. पाच डाग आले. पुन्हा वेल्ड करण्याआधी ते रॉकेल पुसता पुसता नाकी नऊ आले, पण गळती सापडली.

पूजेवरून आईशी वाद झाला. व्हिडिओ कॉलवर तिनं सांगितलं, तांब्याचा तांब्या बोटीत ठेव, पाणी शिंपड. मी म्हटलं, आई, तांबं चालत नाही. खारं पाणी, तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. तळात पडलेलं तांब्याचं एक नाणंसुद्धा भोक पाडू शकतं, म्हणून जुने लोक बोटीत चिल्लर नेऊ देत नाहीत.

"बरं, मग चांदीचा."

चांदी तर तांब्याहून वाईट. ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "लाकडाच्या पाटावर ठेवला तर?"

याला इन्सुलेशन म्हणतात आणि बोटवाले त्यासाठी पैसे घेतात. पाट ठेवला. नारळ ट्रेलरच्या चाकावर फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. बाबांनी विचारलं, "पासिंग झाली का?" त्यांना पटेना, पण न्यूझीलंडमध्ये घरगुती वापराच्या बोटीला नोंदणी लागत नाही आणि चालवायला लायसन लागत नाही. ट्रेलरला मात्र नंबरही लागतो आणि फिटनेसही. बोटीत माणशी एक लाइफ जॅकेट हवंच.

पहिल्या दिवशी उतारावरून बोट पाण्यात गेली, तरंगली, आणि नागपूरला फोनवर सगळं घर टाळ्या वाजवत होतं. दहा मिनिटांनी माझ्या टाचा ओल्या झाल्या. मागच्या खोलगट भागात पाणी चढत होतं. चौदा महिने, तीन रविवारचा कापलेला पत्रा, चुना, रॉकेल, साबण, आणि तरी गळते? मी गुडघ्यावर बसून जोडांवरून हात फिरवत होतो, तेवढ्यात धक्क्यावरून आजोबा ओरडले आणि अंगठा खाली करून फिरवून दाखवला.

बूच. ट्रेलरवर पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मागचं बूच काढून ठेवतात. माझं शर्टाच्या खिशात होतं.

फोन चालूच होता. बाबा म्हणाले, "कूलरच्या टाकीचं बूच लावाले विसरला होता, तवा काय झालं होतं आठवते का तुले?"

आठवतं. सहावीत होतो. डाव्या कानाला आठवतं.

आता ते बूच इंजिनाच्या किल्लीला दोरीनं बांधून ठेवलंय. बूच हातात घेतल्याशिवाय किल्ली हातात येत नाही.